डब्यावर डास, उपयोग चिलटांवर : कुंडीतल्या मातीसाठी बीटीआय दाण्यांचा सहा आठवड्यांचा अनुभव

ज्या उत्पादनाबद्दल मी लिहीत आहे, त्याच्या डब्यावर मोठे चित्र डासाचे आहे. घरातल्या कुंड्यांभोवती घोंघावणाऱ्या चिलटांवर औषध शोधणारा माणूस तो डबा हातात घेऊन पुन्हा जागेवर ठेवून देईल, अशीच शक्यता अधिक. मीही पहिल्यांदा तेच केले. मागच्या बाजूला, बारीक अक्षरांतल्या मजकुराच्या अगदी तळाशी, कुंडीच्या मातीतील चिलटांच्या अळ्यांसाठी ते कसे वापरावे याच्या चार ओळी आहेत, आणि माझ्या मते या डब्यावरच्या सर्वांत मोलाच्या ओळी त्याच. आत आहेत ते फिकट तपकिरी, जाडसर रव्यासारखे दाणे. दाणे काढून घेतल्यावर उरलेल्या मक्याच्या कणसाची ही भरड असून तिच्यावर बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस या जिवाणूचा सुकवलेला थर चढवलेला असतो. याच जिवाणूला सगळे थोडक्यात बीटीआय म्हणतात.

माझे मत आधीच सांगून टाकतो. हे औषध काम करते, आणि आजवर मी कुंड्यांवर जे जे करून पाहिले त्यात सर्वांत भरवशाचे हेच ठरले. मात्र ते कशावर चालते आणि कशावर चालत नाही हे समजून न घेता वापरले, तर दुसऱ्याच आठवड्यात माणूस निराश होऊन डबा अडगळीत टाकतो. हा सगळा अभिप्राय त्या दुसऱ्या आठवड्यासाठी लिहिला आहे, असे म्हटले तरी चालेल.

कोणतेही औषध आणण्यापूर्वी समोरचा कीटक कोणता, याची खात्री करून घेणे आवश्यक आहे. ‘चिलट’ हा शब्द आपण उडणाऱ्या कोणत्याही बारीक किड्यासाठी सरसकट वापरतो आणि पहिली गफलत तिथेच होते. पिकलेल्या फळांभोवती फिरणारी फळमाशी तांबूस-पिवळसर आणि अंगाने जाडसर असते, तिचे डोळे बहुधा लाल असतात, आणि व्हिनेगर ठेवलेल्या वाटीकडे ती धावत येते. कुंडीतले चिलट वेगळे. ते साधारण 2 ते 4 मिलिमीटर लांबीचे, काळपट, लांब पायांचे आणि बारीक अंगाचे असते, फार लांब उडत नाही, आणि कुंडीला धक्का लागला की मातीवरून तुरुतुरु पळत पुन्हा काठाशी जाऊन बसते. चिकट कार्डावर अडकलेले एखादे चिलट भिंगाखाली धरले, तर त्याच्या पंखाच्या टोकाकडे इंग्रजी वाय अक्षरासारखी दुभंगलेली शीर स्पष्ट दिसते. मी पहिले दोन आठवडे व्हिनेगरच्या वाट्या मांडून बसलो होतो. त्यात एखाददुसरे चिलट पडले असेल, पण मातीत जे चालले होते त्यावर त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही.

मातीत काय चालले आहे, हे पाहण्याची सोपी रीत म्हणजे कच्च्या बटाट्याची बोटभर जाडीची चकती. ती कापलेल्या बाजूने ओल्या मातीवर किंचित दाबून ठेवायची आणि दोन दिवसांनी उचलून पाहायची. माझ्या बेगोनियाच्या कुंडीतली चकती मी उचलली तेव्हा तिच्या खालच्या अंगाला सात-आठ अळ्या चिकटलेल्या होत्या. दोऱ्याच्या तुकड्यासारख्या पांढुरक्या, जवळजवळ पारदर्शक, पाच मिलिमीटरच्या आसपास लांबीच्या. डोके मात्र काळे आणि मोहरीच्या सालीसारखे चकचकीत, आणि अंगाच्या आरपार दिसणारी खाल्लेल्या अन्नाची काळसर रेघ. उजेड पडताच त्या बटाट्याने मऊ झालेल्या मातीत शिरू लागल्या. ज्यांनी हे एकदा पाहिले आहे, त्यांना हवेत उडणारी चिलटे हा प्रश्नाचा छोटा भाग आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

या अळ्या मुख्यतः मातीतली बुरशी, शेवाळ आणि कुजणारा पालापाचोळा खातात. म्हणून जुन्या, भक्कम मुळांच्या झाडाला त्यांचा त्रास फारसा जाणवत नाही आणि अनेक जण ‘चिलटे निरुपद्रवी असतात’ असे सांगून मोकळे होतात. हे अर्धेच खरे आहे. संख्या वाढली आणि खाद्य कमी पडले, की त्याच अळ्या कोवळ्या मुळांवरची केसमुळे कुरतडतात, आणि नुकत्याच लावलेल्या फांदीला मुळे फुटायच्या जागी जी गाठ धरते तीही पोखरतात. शिवाय रोपे कोलमडून पाडणाऱ्या पिथियमसारख्या रोगकारकांचा प्रसारही त्यांच्यामार्फत होऊ शकतो. माझ्या कोलियसच्या सहा फांद्यांपैकी चार अशाच गेल्या. पाने दुपारी मलूल व्हायची, संध्याकाळी सावरायची, आणि पाणी कमी पडते आहे असे समजून मी आणखी पाणी घालत राहिलो. त्या पाण्याने अळ्यांची सोय अधिकच झाली. चौथी फांदी उपटून पाहिली तेव्हा खालचे टोक तपकिरी, लिबलिबीत आणि पोकळ झालेले होते. त्या दिवसापासून हे प्रकरण मी गंभीरपणे घेतले.

आता औषधाच्या कामाविषयी. इस्रायलमधल्या नेगेव्ह वाळवंटातील एका साचलेल्या पाण्याच्या जागी, मेलेल्या डासांच्या अळ्यांच्या संदर्भात 1976 मध्ये हा जिवाणू सापडला, म्हणून त्याच्या नावात त्या देशाचे नाव आले. बीजाणू तयार करताना हा जिवाणू प्रथिनांचे स्फटिक बनवतो. अळीने हे स्फटिक खाल्ले की तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात ते विरघळतात, तिथल्याच पाचकरसांमुळे विषारी रूप घेतात आणि आतड्याच्या अस्तराला छिद्रे पाडतात. अळीचे खाणे थांबते आणि बहुधा एक-दोन दिवसांत ती मरते. डास आणि चिलट हे दोन्ही द्विपंखी गणातले, त्यामुळे डासासाठी बनवलेले औषध इथे चालते. माणसाच्या किंवा मांजराच्या पोटातले आम्ल आणि तिथली रचना वेगळी असल्याने ही प्रक्रिया तिथे घडत नाही. गांडुळांनाही या जिवाणूचा उपद्रव होत नाही, आणि माझ्या दोन कुंड्यांत गांडुळे असल्यामुळे ही गोष्ट माझ्या दृष्टीने महत्त्वाची होती.

या वर्णनात ‘खाल्ले की’ हे दोन शब्द अधोरेखित करून ठेवण्यासारखे आहेत. अंडे खात नाही. कोष खात नाही. उडणारे चिलट मातीतले काही कुरतडत नाही. म्हणजे या तिघांवर बीटीआयचा परिणाम शून्य. खोलीचे तापमान 24 अंश सेल्सिअसच्या आसपास असेल, तर अंड्यापासून चिलटापर्यंतचा प्रवास साधारण तीन ते चार आठवड्यांत पुरा होतो. त्यातले पहिले काही दिवस अंड्यात, मग दोन आठवड्यांच्या आसपास अळी म्हणून, आणि पुन्हा काही दिवस कोषात जातात. प्रौढ चिलट आठवडा-दहा दिवस जगते आणि तेवढ्या काळात एक मादी शंभर ते दोनशे अंडी घालू शकते. तुम्ही पहिला डोस दिला त्या दिवशी जे कोषात होते ते उडणारच, आणि जे अंड्यात होते ते डोसाचा जोर ओसरल्यावर बाहेर येणार. शिवाय कोवळ्या अळ्या या औषधाला लवकर बळी पडतात आणि मोठ्या झालेल्या अळ्या तितक्या सहज मरत नाहीत. म्हणूनच आठवड्याच्या अंतराने सलग निदान तीन वेळा औषध देण्याची सूचना डब्यावर आहे. दोन डोसांवर थांबणे म्हणजे पहिल्यापासून सुरुवात करणे होय.

वापरण्याची कृती साधी आहे. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा दाणे टाकून अर्धा तास ठेवायचे, अधूनमधून ढवळायचे, पातळ फडक्याने गाळायचे आणि ते पाणी कुंडीत घालायचे. पाण्याला फिकट पिवळसर गढूळपणा येतो आणि ओल्या भुशासारखा मंद वास येतो. तो वास खोलीत रेंगाळत नाही. उरलेला चोथा मी बाहेरच्या बागेतल्या मातीत मिसळला. तयार केलेले पाणी त्याच दिवशी संपवावे, साठवून ठेवू नये. दाण्यांचा डबा कोरड्या, थंड जागी घट्ट झाकून ठेवावा, कारण ओल लागली की दाण्यांचे गोळे होतात. भरडीची बारीक पूड उडते, म्हणून मोजताना चेहरा डब्याच्या फार जवळ नेऊ नये, एवढी काळजी पुरे आहे.

इथे माझ्याकडून एक चूक झाली. गाळण्याचा कंटाळा करून मी तीन कुंड्यांत दाणे तसेच मातीवर भुरभुरले. वरून पाणी घातले की औषध आपोआप झिरपत राहील, असा माझा हिशोब होता. चार-पाच दिवसांत त्या दाण्यांवर कापसासारखी पांढरी बुरशी धरली. मक्याच्या कणसाची भरड ती, ओल मिळाल्यावर बुरशी येणारच. बुरशी हे चिलटांचे आवडते खाद्य असल्याने तो थर मी चमच्याने खरवडून काढला आणि पुढचे सर्व डोस गाळूनच दिले. सुटसुटीतपणासाठी लोक दाणे थेट मातीवर टाकतात आणि ते भर उन्हात लवकर सुकणाऱ्या कुंड्यांत चालतही असेल, पण घरातल्या सावलीतल्या कुंड्यांसाठी मी त्याची शिफारस करणार नाही.

दुसरी अडचण थोडी खोलवरची आहे आणि तिचा विचार डब्यावरच्या सूचनांत कुठेही नाही. चिलटांना ओली माती हवी असते. अळ्या बहुतांशी वरच्या पाच ते आठ सेंटिमीटर मातीतच राहतात, आणि हा थर दोन पाण्यांच्या मध्ये नीट सुकू दिला की त्यांची बरीच गैरसोय होते. पण औषध पाण्यातून द्यायचे आणि तेही दर आठवड्याला, म्हणजे ज्या ओलीवर त्या जगतात तीच आपण पुरवायची. स्नेक प्लांटसारख्या, पंधरा-वीस दिवस पाण्याविना सुखाने राहणाऱ्या झाडाला दर आठवड्याला भिजवणे हे त्याच्या मुळांच्या दृष्टीने चिलटांपेक्षा वाईट. मी शेवटी असा मार्ग काढला, की ज्या झाडांना आठवड्याला पाणी लागतेच त्यांना साध्या पाण्याऐवजी औषधाचेच पाणी द्यायचे, आणि कोरडेपणा मानणाऱ्या झाडांच्या कुंडीत फक्त वरचा थर ओलावेल इतके, साधारण अर्धी वाटी, बेताने सगळीकडे फिरवून घालायचे. औषध मुळांच्या तळापर्यंत पोहोचण्याची गरज नाही, ते अळ्यांच्या थरात पोहोचले पाहिजे. याच कारणाने बशीत पाणी भरून खालून शोषू देण्याची पद्धत, जी एरवी चिलटे कमी ठेवायला उत्तम आहे, ती औषध देण्याच्या दिवशी उपयोगाची नाही. औषध वरूनच द्यावे आणि मधली पाणी देण्याची वेळ आली तर खालून द्यावे.

बीटीआयबरोबर मी पिवळी चिकट कार्डे लावली होती आणि त्यांच्याबद्दलही लिहिले पाहिजे, कारण अनेक जण केवळ तीच लावून थांबतात. कार्डे चिलटे पकडतात, यात शंका नाही. पण कार्डावर येईपर्यंत एखाद्या मादीने अंडी घातलेली असू शकतात, त्यामुळे केवळ कार्डांवर चिलटांचा निकाल लागत नाही. त्यांचा खरा उपयोग मोजण्यासाठी आहे. मी तीन कुंड्यांत तीन कार्डे मातीला जवळजवळ टेकतील अशी आडवी लावली, कारण कोषातून निघालेले चिलट मातीलगतच घुटमळते, आणि उंच काठीवर उभ्या लावलेल्या कार्डापेक्षा आडव्या कार्डावर ते जास्त सापडले. दर रविवारी मोजून कार्ड बदलले. पहिल्या डोसाच्या आधीच्या आठवड्यात तीन कार्डांवर मिळून 63 चिलटे होती. डोसानंतरच्या पहिल्या आठवड्यात 58. त्या पाचच्या फरकात समाधान मानण्यासारखे काही नव्हते, आणि कोषांचा हिशोब मला माहीत नसता तर मी तिथेच थांबलो असतो. दुसऱ्या आठवड्याअखेर 41, तिसऱ्याला 17, चौथ्याला 6. पाचव्या आठवड्यात दोन, आणि सहाव्यात तिन्ही कार्डे कोरी. मी तीनऐवजी चार डोस दिले, कारण 17 हा आकडा मला थांबण्याजोगा वाटला नाही. एकाच घरातला, तीन कार्डांवरचा हा हिशोब आहे. तुमच्याकडे आकडे वेगळे येतील, पण पहिल्या आठवड्यातला संथपणा आणि तिसऱ्या आठवड्यातली घसरण हा क्रम साधारण असाच असावा, कारण तो किड्याच्या जीवनक्रमातूनच येतो.

कार्डांची एक तक्रार नोंदवतो. त्यांचा गोंद फार जोरदार असतो. नेच्याचे एक कोवळे पान वाऱ्याने कार्डाला चिकटले आणि सोडवताना फाटले. कार्ड पानांपासून दूर, मोकळ्या मातीच्या कडेला ठेवावे. घरात मांजर असेल तर कुंडीवर जाळी घालावी किंवा कार्डे तिच्या आवाक्याबाहेरच्या कुंड्यांत लावावीत.

याआधी जे करून पाहिले त्याचीही थोडक्यात नोंद करतो. तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साईडमध्ये चौपट पाणी मिसळून घातल्यावर माती फसफसते आणि त्या फेसाचा स्पर्श झालेल्या अळ्या मरतातही, पण ते लगेच पाणी आणि ऑक्सिजनमध्ये विघटित होत असल्याने परिणाम तेवढ्यापुरताच, आणि मातीतल्या उपयुक्त सूक्ष्मजीवांनाही त्याचा मार बसतो. मातीवर वाळूचा थर दिला तर तो पुरेसा जाड आणि कोरडा असेपर्यंत चिलटांना अंडी घालणे अवघड जाते. माझा थर प्रत्येक पाण्याबरोबर मातीत उतरत गेला आणि कुंडीच्या तळाच्या छिद्रांतून चिलटांची ये-जा चालूच राहिली. दालचिनीच्या पुडीने खोलीला वास आला, याहून अधिक काही घडलेले मला दिसले नाही. कडुनिंबातला अझाडिरॅक्टिन हा घटक अळ्यांची वाढ अडवतो. पण बाजारातल्या साध्या तेलात तो किती आहे हे बाटलीवरून कळत नाही, आणि तेल नीट मिसळले गेले नाही तर मातीवर तवंग राहतो.

बीटीआयला खरा तुल्यबळ पर्याय म्हणजे स्टायनरनेमा फेल्टिए नावाच्या सूत्रकृमी. डोळ्यांना न दिसणाऱ्या या कृमी अळीच्या अंगातल्या नैसर्गिक छिद्रांतून आत शिरतात आणि आपल्याबरोबरचे जिवाणू आत सोडून तिला मारतात. त्या स्वतः अळी शोधत जातात, हा त्यांचा मोठा गुण. परंतु त्या जिवंत असल्याने थंड जागी ठेवाव्या लागतात, मुदतीच्या आत वापराव्या लागतात, कडक उन्हात आणि कोरड्या मातीत टिकत नाहीत. रोपवाटिका असलेल्याने त्यांचा जरूर विचार करावा. दहा-पंधरा कुंड्यांच्या माणसाला कपाटात महिनोन्महिने राहणारे दाणे अधिक सोयीचे.

खरेदी करताना एका गोष्टीची मात्र कटाक्षाने खात्री करा. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या एका नावाखाली वेगवेगळ्या उपजाती विकल्या जातात. पाने खाणाऱ्या सुरवंटांसाठी सर्रास मिळते ती कुर्स्ताकी ही उपजात, आणि ती चिलटांच्या अळ्यांवर चालत नाही. एका विक्रेत्याने मला ‘दोन्ही एकच’ असे सांगून तीच दिली होती आणि एक महिना मी ती इमानेइतबारे मातीत ओतत राहिलो. वेष्टनावर ‘इस्रायलेन्सिस’ हा शब्द पुरा लिहिलेला असेल तरच डबा घ्यावा. नुसते ‘बीटी’ असेल तर घेऊ नये. आणखी एक. हे औषध पाण्यातल्या इतर काही बारीक माश्यांच्या अळ्यांवरही परिणाम करते, त्यामुळे उरलेले पाणी तळ्यात किंवा ओढ्यात न टाकता मातीतच जिरवावे.

उत्पादकाकडून माझ्या अपेक्षा दोनच आहेत. कुंडीसाठीच्या सूचना पुढच्या बाजूला, वाचता येतील अशा अक्षरांत याव्यात, आणि त्यात कोष व अंड्यांवर परिणाम होत नाही हे स्पष्ट लिहावे. डब्यात मोजमापाचा चमचा दिला तर आणखी बरे.

ज्यांच्याकडे एखादीच कुंडी आहे आणि झाड मोठे, निरोगी आहे, त्यांनी आधी पाणी कमी करून पाहावे. त्यांना या डब्याची गरज लागेलच असे नाही. ज्यांच्याकडे रोपे, नवीन लावलेल्या फांद्या किंवा सतत ओल मागणारी झाडे आहेत, त्यांनी तो घरात ठेवावा. चिलटे बहुधा नव्या झाडाबरोबर किंवा अर्धवट उघड्या राहिलेल्या ओल्या मातीच्या पिशवीतून येतात. म्हणून आता माझ्याकडे येणारे प्रत्येक नवे झाड तीन आठवडे वेगळ्या खिडकीत राहते, त्याच्या मातीवर एक पिवळे कार्ड असते, आणि पहिल्या दिवशीच त्याला गाळलेले औषधाचे पाणी मिळते. कोलियसच्या वाचलेल्या दोन फांद्यांना दरम्यान नवी पालवी फुटली आहे. परवा कुंडी बदलताना मुळे पाहिली. ती पांढरी होती आणि त्यांच्यावर केसमुळांची दाट लव होती.